कल्चर निगेटिव्ह, ताप उतरलेला, तरी डिस्चार्ज का नाही?

ताई, दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी तुमच्या आईला १०१.४ ताप आला, बदलापूरहून मुंबईत आणून दाखल केले, आज सहावा दिवस आहे, ताप दोन दिवसांपासून नाही, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही उगवले नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मात्र तिसऱ्याच दिवशी गोळ्या देऊन घरी सोडले. तेव्हा हे बिल वाढवण्यासाठी तर चाललेले नाही ना, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पत्नीच्या लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या) उपचारांत याच कारणाने तीन वेळा वॉर्डात तिच्या उशाशी बसलो आहे, आणि पहिल्या वेळी हीच शंका मलाही आली होती.

कल्चर निगेटिव्ह आले म्हणजे संसर्ग नव्हता, असे केमोने पांढऱ्या पेशी घटल्यावर येणाऱ्या या तापात म्हणता येत नाही. पू धरणे, जखम लाल होणे, एक्स-रेमध्ये डाग दिसणे ही सारी लक्षणे मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमुळे दिसतात. त्याच नसतील तर छातीत संसर्ग असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि लघवीत पू-पेशी सापडत नाहीत. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण उरते. कल्चरमध्ये जंतू उगवतो तोही फार तर चारांपैकी एखाद्या रुग्णात. पुष्कळदा हे जंतू रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात आणि केमोने सोललेल्या अस्तरातून रक्तात शिरतात, म्हणून भेटायला आलेल्या कोणामुळे ताप आला यावर घरात भांडू नये. आमच्याकडे ते भांडण झाले होते.

१९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की न्यूट्रोफिल जितके कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका मोठा. रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करण्याची पद्धत पुढे याच समजुतीवर उभी राहिली, आणि रुग्णाला किती दिवस ठेवायचे हेही बरेचसे त्यावरच ठरते.

त्यामुळे रिपोर्टमधील एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून समाधान मानू नका. त्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागा. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या दिवशी एकूण ११०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, म्हणजे केवळ ११०. आज एकूण १६०० आणि २५ टक्के, म्हणजे ४००. बहुतेक ठिकाणी ताप निदान ४८ तास नसावा आणि हा आकडा ५०० च्या वर जाऊन चढता असावा, असा संकेत पाळतात. तुमची आई त्या रेषेपासून एखाद-दोन दिवसांवर आहे. त्याआधी मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची टक्केवारी वाढताना दिसली तर रक्तपेशी बनवणारी हाडांतली मज्जा जागी होत असल्याची ती चांगली खूण असते. काउंट वाढवण्याचे रोजचे इंजेक्शन थांबवल्यावर आकडा खाली येतो. त्याने घाबरू नये.

शेजारच्या बाईंचे उत्तर वेगळे आहे. धोका किती हे ठरवण्यासाठी मास्क (MASCC) नावाची २६ गुणांची एक मोजणी वापरतात. रक्तदाब चांगला, फुप्फुसाचा जुना आजार नाही, अंगात पाणी कमी पडलेले नाही, त्रास सौम्य, वय साठीच्या आत अशा गोष्टींना गुण मिळतात, आणि २१ किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांना कमी धोक्याचे मानतात. अशांना सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्यांवर घरी पाठवता येते. तुमच्या आईचे वय ६४, म्हणजे दोन गुण तिथेच गेले. मधुमेह या मोजणीत नाही, पण डॉक्टरांच्या नजरेतून तो सुटत नाही. शिवाय घरी पाठवताना रुग्ण तासाभरात परत येऊ शकेल का, हेही पाहतात. रात्री दोन वाजता ताप आला, तर लोकल बंद असताना बदलापूरहून तुम्ही किती वेळात पोहोचाल, याचा विचार करा. आणखी एक गोष्ट म्हणजे, आपल्याकडच्या ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन पुष्कळदा चालतच नाही, त्यामुळे परदेशातला गोळ्यांचा नियम इथे जसाच्या तसा लावताना डॉक्टर कचरतात, आणि मला ते पटते.

तरीही बिलाची शंका मनात दाबून ठेवू नका; ती योग्य प्रश्नांत मांडा. उद्याच्या राउंडला विचारा की कल्चर निगेटिव्ह असताना मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकवरून साध्या अँटिबायोटिकवर किंवा गोळ्यांवर येता येईल का. बुरशीवरचे औषध साधारणपणे चार ते सात दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप हटला नाही तर सुरू करतात. आईचा ताप चौथ्या दिवशीच उतरला, तेव्हा ते सुरू असेल तर कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ही औषधे महाग असतात.

आता पुढच्या केमोविषयी, कारण माझी चूक तिथेच झाली होती. रात्री अकराला पत्नीला १००.८ ताप होता. मी पॅरासिटामॉल दिले, तासाभरात अंग गार लागले, आणि आम्ही झोपलो. सकाळी सहाला तिचे हात थंडगार होते, रक्तदाब ८० वर आला होता, आणि पुढचे दोन दिवस ती आयसीयूत होती. ताप एकदाच १०१ झाला किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर गोळी न देता निघायचे, कारण रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा असा दंडक आहे. ताप तोंडात मोजावा, काखेत तो कमी दिसतो. गुदद्वारातून थर्मामीटर, सपोझिटरी किंवा एनिमा मात्र या दिवसांत अजिबात नको. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसच्या तपासण्याही कराव्या लागतात, कारण डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. पण त्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक अडवू देऊ नका, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने देऊ नका.

पुढच्या वेळी पेगफिलग्रॅस्टिम हे काउंट वाढवणारे इंजेक्शन द्यायचे का, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या. ते केमो संपल्यावर निदान २४ तासांनी देतात, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, आणि त्याने एक-दोन दिवस हाडे ठणकतात. न शिजवलेली, ताजी फळे पूर्ण बंद केल्याने संसर्ग कमी होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. स्वच्छ धुऊन सोललेले केळे-संत्रे चालते का, हे डॉक्टरांना विचारून द्या. बाहेरची पाणीपुरी आणि बर्फ घातलेला रस मात्र नको.

एका कागदावर केमोची तारीख, औषधांची नावे, शेवटचा काउंट आणि ‘केमोनंतरचा ताप’ हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. कॅज्युअल्टीत डिपॉझिट आणि फॉर्म यांची चर्चा सुरू होण्याआधी तो कागद तिथल्या सिस्टरच्या हातात द्या. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी सलाइन लागायला पंचवीस मिनिटे पुरली होती.