फिरती कॉन्ट्रा कॉलर व्हायचंय? आधी शब्द कमी कर

बोस्टनजवळ राहतेस, तीन वर्षं कॉन्ट्रा डान्सला जातेस आणि आता आयटीतली नोकरी सोडून गावोगाव कॉलिंग, म्हणजे नाचणाऱ्यांना माइकवरून पुढची हालचाल सांगणं, करत फिरायचंय, जमेल का, असं विचारलंयस. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ अगंतुगं करते. १४ वर्षं कॉल करतेय, त्यातली शेवटची ६ फिरून. जमेल, पण नोकरी आधी आणि कॉलिंग नंतर अशा क्रमाने सोडायचं-धरायचं ठरवलंयस तो क्रम उलटा कर.

सगळ्यात आधी व्हिसाचं बोलते, कारण ते तू लिहिलेलंच नाहीस. एच-वन-बीवर असशील तर स्पॉन्सर कंपनी सोडून दुसरीकडे पैसे घेऊन काम करता येत नाही, मग ते शनिवारच्या हॉलमधले थोडेसे का असेनात. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत एक पैसा घेतला नाही आणि फुकट करायचं तेही वकिलाला विचारून केलं. तूही विचार.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, कॉन्ट्रा म्हणजे इथल्या न्यू इंग्लंड भागातला जुना लोकनाच, दोन लांब रांगा समोरासमोर, फिडल आणि पियानोचा जिवंत बँड, आणि माइकवरून पुढची फिगर (नाचातली एकेक ठरलेली हालचाल) सांगतो तो कॉलर. दोन जोड्या मिळून एक फेरी नाचतात, मग प्रत्येक जोडी एक जागा सरकते आणि समोर नवीन माणसं येतात.

आता मुख्य गोष्ट. एक फेरी ६४ ठोक्यांची, ट्यूनचे चार तुकडे, प्रत्येकी १६ ठोके. फिगरांची नावं घ्यायची तर बॅलन्स आणि स्विंगला (जोडीने घेतलेली गिरकी) १६, चेनला ८, अर्ध्या ‘हे’ (hey) फिगरला ८. मिनिटाला साधारण ११५ ते १२० ठोके असतात म्हणजे अख्खी फेरी अर्ध्या मिनिटात संपते, आणि तुझा कॉल फिगर सुरू व्हायच्या आधीच्या चारेक ठोक्यांत बोलून झालेला पाहिजे. फिगरच्या पहिल्या ठोक्यावर नाचणाऱ्याचं पाऊल पडायला हवं, तुझा शब्द नाही. शाळेत लेझीम केलं असशील तर आठव, शिट्टी आधी वाजते आणि हात नंतर बदलतात, तसंच. मी पहिली दोन वर्षं घरी ट्यून लावून भांडी घासताना कॉल म्हणायचे, रेकॉर्ड करायचे, ऐकायचे, शब्द खोडायचे. नाच लिहून ठेवायच्या कार्डावर "नाउ टर्न टू युअर नेबर अँड स्विंग" (नेबर म्हणजे समोरच्या जोडीतला) लिहिलेलं असायचं, शेवटी "नेबर, स्विंग" एवढंच उरलं. आणि चार-पाच फेऱ्यांनंतर तेही बंद करायचं, लोकांना बँड ऐकू दे ना! तुला मराठी ॲक्सेंटची भीती वाटते म्हणतेस, पण मला आजवर कुणी उच्चारावरून परत पाठवलं नाही. कॉल उशिरा आला की मात्र अख्खी रांग कोसळते.

दुसरं म्हणजे नवशिके. फिरत्या कॉलरला रोज अनोळखी हॉल, म्हणून पहिल्या नाचात सोपं काहीतरी घेऊन मी फक्त बघत असते, कितीजण रांगेच्या टोकाला गोंधळतात, कोण आपणहून दुसऱ्याला हात देतंय, आणि त्यावरून पुढची कार्डं बदलते. एकदा एका गावात मी घरून ठरवून नेलेला अवघड प्रोग्रॅम तसाच रेटला. ब्रेकपर्यंत सगळे नवीन लोक निघून गेले, आणि तिथून मला परत बोलावणं आलं नाही, ते बरोबरच होतं त्यांचं. न्यू हॅम्पशायरचे कॉलर डडली लॉफमन यांनी १९६०च्या दशकात जी तरुण मुलं या नाचाकडे ओढली ती सोप्या, जुन्या नाचांवर. पुढे २००९ साली त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे पारंपरिक कलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, मिळाली. स्विंग शिकवताना मी फुगडी आठवते बघ, एकमेकींचं वजन तोललं की गिरकी आपोआप हलकी होते. "हात घट्ट धरू नका, वजन द्या" हे वाक्य मला मंगळागौरीनेच दिलंय.

शिकायला बोस्टनजवळ असण्यासारखं नशीब नाही. एप्रिलमधला नेफाचा (न्यू इंग्लंड फोक फेस्टिव्हल असोसिएशन) फेस्टिव्हल, न्यू हॅम्पशायरमधल्या नेल्सनचा सोमवारचा डान्स, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डचा ग्रेंज हॉल, सगळं गाडीच्या टप्प्यात. १९१५ पासूनची सीडीएसएस (कंट्री डान्स अँड साँग सोसायटी) ही संस्था मॅसॅच्युसेट्समधल्या पाइनवुड्सला उन्हाळी नाचाचे कॅम्प घेते, स्कॉलरशिपही देते, अर्ज कर. गावच्या डान्समध्ये ओपन माइकला एकेक नाच माग, मग अर्धी संध्याकाळ, मग पूर्ण. पूर्ण म्हणजे तीन तास, दहा-बारा नाच, ब्रेकआधी एक वॉल्ट्झ आणि शेवटी एक.

पैशाचं खरं सांगते. नेहमीच्या डान्सला दारावर जमलेल्या पैशातून हॉलचं भाडं जाऊन उरतं ते बँड आणि कॉलरमध्ये वाटतात, त्यात पेट्रोल निघालं तरी खूप. माझं घर लग्नातल्या आणि शाळांतल्या बार्न डान्सवर चालतं, तिथे कॉन्ट्रा नाही, गोलातले नाच नाहीतर व्हर्जिनिया रील हा सोपा जुना नाच. तरी नवऱ्याच्या नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स नसता तर मी पूर्णवेळ फिरले नसते. स्वतःच्या कमाईवर इन्कम टॅक्सशिवाय १५.३ टक्क्यांच्या आसपास सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स असतो, तो दर गिगनंतर बाजूला काढ.

टूर बांधताना आधी एक वीकेंड पक्का करायचा, मग वाटेवरच्या आठवड्याच्या मधल्या वारांच्या डान्सना लिहायचं, कित्येक महिने आधी. मुक्काम बहुतेक नाचणाऱ्यांच्याच घरी. आयोजकांना तीन गोष्टी विचारून ठेव, नवीन लोक किती असतात, बँड कोणता, आणि जोडीतल्या दोन भूमिकांना (रोल) लार्क-रॉबिन म्हणतात की दुसरं काही. पोचल्यावर आधी बँडकडे जायचं, प्रत्येक नाचाला कसली ट्यून हवी ते सांगायचं, आणि किती फेऱ्या उरल्या ते बोटांनी कसं दाखवणार तेही ठरवायचं. बँडशी नीट वागलीस तर पुढची निम्मी बोलावणी तेच मिळवून देतात.

नोकरी आत्ता ठेव. वर्षभर महिन्यातून एक वीकेंड बाहेर जा आणि पहिल्या पूर्ण संध्याकाळचा प्रोग्रॅम ठरला की मला मेसेज कर, कुठला नाच कुठे ठेवायचा ते आपण फोनवर बसून बघू.