धंदा करणाऱ्या बायका मोफत तपासणीलाही येत नसतील तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात घरून आणि लॉजवर धंदा करणाऱ्या बायका सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) येत नाहीत, तर जनजागृती वाढवावी का? माझ्या मते नको. तपासणी कशासाठी, हे त्यांना बहुतेकदा ठाऊक असतं. गाडं अडतं ते वेळेपाशी, ओळख फुटण्याच्या भीतीपाशी आणि दुसऱ्या खेपेपाशी.

ओपीडी सकाळची असते, तेव्हा रात्री काम केलेली बाई झोपलेली असते. लॉजवरच्यांना दुपार बरी पडते, घरून करणाऱ्यांना मुलं शाळेत गेल्यावरची वेळ. त्या वेळेला तपासणीच त्यांच्यापाशी न्या. बोटाच्या टोचणीतून एचआयव्ही आणि सिफिलिस (गरमी) एकाच पट्टीवर पाहणारी किट मिळतात. टीआय प्रकल्पामार्फत (जोखमीच्या गटांसाठीचा एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्प) डापकूकडे, म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाकडे, मागणी करा आणि पिअरनाही (प्रकल्पात काम करणाऱ्या त्यांच्यातल्याच बायकांना) प्रशिक्षण द्या.

चुका बारीक असतात. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं की ते रक्तात मिसळतं. किटची पिशवी उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर पट्टीवर भरवसा नाही. किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा, उशिरा उमटलेली फिकट रेघ निकाल म्हणून सांगू नका. पट्टी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची रेघ उमटली, म्हणून निदान झालं असंही नाही, पक्का निकाल आयसीटीसीतल्या पुढच्या चाचण्यांनंतरच. इथेच सगळ्यात जास्त बायका निसटतात. 'उद्या जाऊन ये' म्हणू नका. समुपदेशकाला आधी फोन करा आणि तिची तयारी असेल तर पिअरला त्याच दिवशी सोबत पाठवा.

सिफिलिसचं वेगळं आहे. एकदा झालेला सिफिलिस बरा झाला तरी ही पट्टी पुढे बहुधा कायम पॉझिटिव्ह येते, म्हणून आरपीआर या रक्तचाचणीचं टायटर (संसर्ग आत्ता किती सक्रिय आहे ते दाखवणारा आकडा) बघावं लागतं. सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिटचं, एकदाच. रिॲक्शनच्या धास्तीने काही दवाखाने ते टाळतात आणि बाईला पुढे धाडतात. तेव्हा इंजेक्शन कोण देतं, साठा आहे का, रिॲक्शनवरचं ॲड्रेनॅलिन हाताशी आहे का, हे तपासणी सुरू करण्याआधीच ठरवून ठेवा. उपचाराची सोय नसताना निकाल सांगणं मला अन्याय वाटतो.

गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संसर्ग या पट्टीवर दिसत नाहीत, आणि बायकांमध्ये बऱ्याचदा लक्षणंही नसतात. म्हणून 'काही त्रास नाही ना?' एवढं विचारून सोडू नका. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) पद्धतीत पहिल्या भेटीला लक्षणं नसली तरी डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम ही अँटिबायोटिक्स देतात. पुढे दर ३ महिन्यांनी आरोग्य तपासणी, दर ६ महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस. कंडोम फाटला असेल तर तपासणीची वाट पाहू नका. पीईपीच्या (संपर्कानंतर एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या) गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि तपासणी नंतर पुन्हा.

गुप्ततेबाबत सैल राहू नका. निकाल फक्त तिला सांगायचा. घरवालीला (धंद्याच्या घराच्या मालकिणीला) नाही, लॉजमालकाला नाही, नवऱ्यालाही नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा आहे, त्यात संमतीशिवाय चाचणी आणि संमतीशिवाय वाच्यता दोन्हीला मनाई आहे. तुमच्या यादीत आधार क्रमांक लिहू नका, कोड वापरा. पोलिसांना सोबत घेऊन किंवा मालकाकरवी सगळ्यांना रांगेत उभं करून शिबिर तर कधीच नको. त्या दिवशी आकडा भरतो, पण पुढच्या वेळी दार उघडत नाही.

बायका गावं बदलतात. जत्रेच्या हंगामात निम्मी यादी बदललेली असते. म्हणून तिला हवा असेल तर निकालाचा कागद तिच्याच हातात द्या, आणि १०९७ हा मोफत क्रमांक पाठ करून घ्या. नव्या गावातलं केंद्र त्यावर विचारता येतं.