इंडोनेशियन कादंबऱ्या वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

स्वातंत्र्यानंतरच्या इंडोनेशियातला सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार कादंबऱ्यांतून समजून घ्यायचा, हा चांगला विषय निवडलात. इंडोनेशियन कादंबरीकार प्रमुद्या अनंता तूर यांची बुरू चतुष्टयी (चार कादंबऱ्यांची मालिका) मात्र आत्ताच उचलू नका. चारही खंड डच राजवटीच्या काळातले आहेत. तुम्हाला हवा आहे स्वातंत्र्यानंतरचा सत्ताधारी वर्ग.

पहिली घ्या प्रमुद्यांचीच 'कोरुप्सी' (म्हणजे भ्रष्टाचार, 1954). छोटी आहे. पगार पुरत नाही म्हणून घसरत जाणारा बाकिर हा सरकारी नोकर स्वतःच ती सांगतो, त्यामुळे प्रत्येक सबब आपल्याला आधी पटते. तिथेच थांबून विचार करा.

मग मोख्तार लुबिस यांची 'सेंजा दि जकार्ता'. लुबिस कैदेत असताना ती 1963 मध्ये आधी इंग्रजीत आली. पक्षनिधीसाठी राडेन कासलान बोगस कंपन्या काढून आयात परवाने मिळवतो. त्याच शहरात साइमुन आणि इताम कचरा उचलतात. परवान्यांचं गणित नीट समजून घ्या, बाकीचं आपोआप उलगडेल. 1950 नंतर देशी व्यापाऱ्यांना पुढे आणण्यासाठी असे परवाने दिले गेले, आणि वशिल्यावाले ते सरळ दुसऱ्यांना विकू लागले.

नवखे वाचक दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि त्यांच्यानंतरचे सुहार्तो यांचे काळ एकत्र करतात. सुहार्तोकाळासाठी अहमद तोहारींची 'ओरांग-ओरांग प्रोयेक' वाचा. पुलाच्या कामात सत्ताधारी पक्ष कसा हात घालतो ते त्यात दिसतं.
- सगळा दोष डचांवर टाकतात. हे लेखक बोट आपल्याच माणसांकडे दाखवतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

समीक्षा, सिद्धांत नंतर. आधी बाकिर वाचून कसा वाटला ते कळवा.