दुकानाचा जुना नंबर आणि नवी फायबर लाइन

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत माझे फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापण्याचे दुकान आहे. वडिलांच्या काळापासूनचा लँडलाइन नंबर गिऱ्हाइकांना पाठ आहे. मात्र पावसाळ्यात त्यावर खरखर सुरू होते आणि चार-चार दिवस फोन बंद पडतो. इंटरनेट सध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो. एका मोठ्या कंपनीचे आणि एका स्थानिक केबलचालकाचे फायबरचे दर हाती आले आहेत. जुना नंबर सोडून स्वस्तातली शंभर एमबीपीएसची योजना घ्यावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नंबर सोडण्याची घाई मुळीच करू नका. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून देशभर आहे. लँडलाइनला ती नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडे गेलात की वडिलांचा नंबर हातचा जाईल. तुमच्या सध्याच्या लँडलाइन कंपनीचे फायबर गल्लीपर्यंत आले असेल, तर तोच नंबर त्यावर घेता येईल का, हे आधी तिच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ते शक्य नसेल, तर जुनी जोडणी कमीत कमी भाड्याच्या योजनेवर ठेवून त्यावरचे कॉल मोबाइलकडे वळवून घ्या. कॉल टेलिफोन एक्स्चेंजमधूनच वळत असल्याने दुकानापर्यंतची तार बिघडली, तरी गिऱ्हाइकाचा फोन तुम्हाला लागतो.

खरखरीचे कारण बहुधा तांब्याच्या तारेच्या जोडात शिरणारे पाणी हे असते. फायबरमधून प्रकाश जात असल्याने तो त्रास संपतो, पण एक नवी अडचण येते. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटेच मिळत असे, म्हणून दिवे गेले तरी तो चालू राही. फायबरच्या डबीला, म्हणजे दुकानात बसणाऱ्या मोडेमला, मात्र दुकानातली वीज लागते. कोकणातल्या पावसात ती किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको. डबीसाठी छोटा यूपीएस पहिल्याच दिवशी घ्या.

वेगाबद्दल सांगायचे, तर जाहिरातीतला आकडा अनेकदा फक्त डाउनलोडचा असतो आणि तुमच्या धंद्यात फाइली बाहेर पाठवाव्याही लागतात. एक जीबीची डिझाइन दहा एमबीपीएस अपलोडवर पाठवायला तेरा-चौदा मिनिटे लागतील, शंभरवर दीड मिनिटाच्या आत काम होईल. म्हणून अपलोडचा वेग किती आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग कितीवर येतो, हे दोन्ही विचारूनच दरांची तुलना करा. सांगितलेल्या दरावर अठरा टक्के जीएसटी लागणार का, तेही पाहा. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल, तर बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे नियमांप्रमाणे त्या कराची वजावट मागता येईल.

माझ्या मते खरी निवड दुरुस्तीवर ठरवावी. गटाराच्या खोदाईत फायबर तुटते, डबीवरचा लाल दिवा लागतो आणि सगळे काम अडते. अशा वेळी माणूस किती तासांत आला, हे तुमच्याच ओळीतल्या औषधाच्या दुकानात आणि पतसंस्थेत विचारा. स्थानिक केबलचालकाचा माणूस संध्याकाळपर्यंत जोडणी करून देत असेल, तर त्याला मोठे नाव नाही म्हणून डावलू नका; उलट दोघांत थोडाच फरक असला, तर मी त्यालाच पसंती देईन. सूट मिळते म्हणून वर्षाचे पैसे मात्र आगाऊ भरू नका. एक पावसाळा महिन्याच्या बोलीवर काढा. हॉटस्पॉटचे सिमही चालू ठेवा, पण ते वेगळ्या कंपनीचे असू द्या, म्हणजे लाइन तुटली तरी यूपीआयचे व्यवहार आणि बिले थांबणार नाहीत.

जोडणीला येणारा माणूस डबी सोयीसाठी गल्ल्याखालच्या प्लगजवळ ठोकू पाहील. तसे करू देऊ नका. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत पाणी कुठवर चढले होते, ती खूण त्याला दाखवा आणि डबी, यूपीएस व प्लग हे तिन्ही तिच्या वर बसवून घ्या.