मगरीत नर-मादी तापमानावर ठरतात, मग सोलापूरच्या उन्हाळ्यात कोंबडीच्या अंड्यांतून नरच जास्त निघतात का?

नाही. मगरीचं खरं आहे, कोंबडीचं नाही. मी इथे सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि मोहोळकडच्या वस्तीवर आमच्या गावरान कोंबड्या आहेत. मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकला की रवणावर बसवलेली खुडूक कोंबडी चोच वासून धापा टाकते, उठून सावलीला जाते, आणि पिल्लं अंड्यातच मरतात. नर वाढत नाहीत, अंडी वाया जातात.

कारण अंडं घालायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं. लिंग ठरवणारी गुणसूत्रं कोंबडीत दोन प्रकारची, झेड आणि डब्ल्यू: नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे इथे निकाल आईकडून लागतो. माणसात बापाच्या एक्स किंवा वायवरून. (तरी बोलणी सुनेलाच!)

खरी मजा पुढे आहे. ही गुणसूत्रं मुळात साधीच जोडी होती. त्यातल्या एकावर असा जीन तयार झाला की लिंग तो एकटाच ठरवू लागला. हळूहळू त्या भागाची जोडीदाराशी होणारी अदलाबदल थांबली, आणि ती थांबली की बिघाड साचतात, जीन्स गळतात. आपला वाय असाच झिजलाय. त्याच्यावरचा नर ठरवणारा एसआरवाय जीन १९९० मध्ये सापडला.

पुरावा हवा? आपल्या एक्सवरचे बहुतेक जीन्स कोंबडीत १ आणि ४ नंबरच्या साध्या गुणसूत्रांवर आहेत, आणि तिच्या झेडवरचे आपल्या ५ आणि ९ वर. म्हणजे आपल्या आणि कोंबडीच्या घराण्यांत वेगवेगळ्या जोड्यांना हे काम लागलं.

पण तापमान सोडून गुणसूत्रांकडे यायचंच कशाला? आपल्याकडच्या मगरीत घरटं ३१ अंशांपर्यंत असेल तर माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. हवा बदलली की एकाच लिंगाची पिल्लं निघू लागतात. मग जे लिंग कमी, त्याला जोडीदारांची चंगळ. अशा वेळी कुठल्याही तापमानात तेच लिंग घडवणारा जीन आला, तर तो पसरणारच.

उलटा प्रवासही होतो. ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा कोंबडीसारखाच झेड-डब्ल्यू. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबली की झेड-झेड पिल्लंही मादी होतात. अशा माद्या रानात सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचा साध्या नराशी जोडा लावला, तेव्हा पिल्लांत डब्ल्यू कुणाकडेच नव्हता आणि त्यांचं लिंग निव्वळ तापमानावर ठरलं. एवढ्याला एक पिढी पुरली.