बशीतला चहा कपातल्यापेक्षा लवकर का निवतो? घरी कसं तपासायचं?

मुख्य कारण बाष्पीभवन. पसरट भांड्यात वाफ निघायला जागा जास्त. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं की १५० मिली चहा साधारण साडेतीन अंशांनी उतरतो.

चहाऐवजी साधं पाणी घ्या, साय आली की हिशेब बिघडतो. दोन स्टीलचे पेले, एक पसरट वाडगा, प्रत्येकात मोजून १५० मिली उकळतं पाणी. बशी नको, तिच्यात थर्मामीटरचं टोक बुडतच नाही. एका पेल्यात वरून चमचाभर करडीचं तेल सोडा. पूर्ण थर धरला पाहिजे. मधे उघडं पाणी दिसलं तर आणखी थोडं. हा तेलाचा पेला सगळ्यात उशिरा निवेल, कारण वाफच कोंडली. खरी गंमत इथंच आहे.

दर दोन मिनिटांनी अर्धा तास आकडे लिहा. थर्मामीटर प्रयोगशाळेतला, ११० अंशांपर्यंतचा. तापाचा घातला तर फुटेल. टोक बुडाला टेकवू नका. पंखा बंद. पहिला आकडा पाणी ओतून मिनिटाने घ्या, तोवर थंड पेला बरीच उष्णता पिऊन घेतो.

लातूर, संभाजीनगरला पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, उंचीमुळे. थर्मामीटर खराब समजू नका.

आणि मे महिन्यात करू नका. खोलीतच ३८ असेल तर ६० अंशांच्या पाण्याशी फरक २२चा, डिसेंबरात २० असताना तो ४०चा. फरक जितका कमी, तितकं निवणं मंद.