‘कुरण’, ‘माळरान’ आणि ‘चराई’ : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न असा आहे : वन्यजीव संरक्षण आणि पाळीव जनावरांची चराई यांविषयीच्या मजकुराचे मराठीकरण करताना ‘रेंजलँड’साठी (म्हणजे जनावरे चरतात अशा विस्तीर्ण, मोकळ्या भूभागासाठी) सर्वत्र ‘कुरण’ लिहिले तर चालेल का, आणि हरीण व मेंढी या दोहोंच्या चरण्याला ‘चराई’ हा एकच शब्द पुरेल का? नमुन्यादाखल प्रश्नकर्त्याने दिलेले वाक्य असे : ‘पाळीव आणि वन्य प्राण्यांच्या अतिचराईमुळे कुरणांचा ऱ्हास होत असल्याने समतोल साधण्यासाठी चराईबंदी आवश्यक आहे.’

व्याकरणाच्या अंगाने या वाक्यात काही वावगे नाही. परंतु जमीन कोणाची, तिच्यावर चरण्याचा हक्क कोणाचा आणि दोष कोणाकडे, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्यातल्या शब्दांनीच परस्पर देऊन टाकली आहेत, आणि लिहिणाऱ्याला बहुधा तसे म्हणायचे नसावे.

‘कुरण’ म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन. पेशवाईत सरकारी घोड्यांच्या वैरणीसाठी कुरणे राखली जात. कुरणाला हद्द असते, राखणदार असतो आणि तेथले गवत कोणी व केव्हा कापायचे हे ठरलेले असते. लाक्षणिक अर्थानेही हाच धागा पुढे नेला आहे. एखाद्या खात्याला ‘चराऊ कुरण’ म्हटले की राखायला ठेवलेलेच तेथे चरत आहेत हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. याउलट, मंगोलियाचे स्टेप असो की पूर्व आफ्रिकेचे सव्हाना, जेथे गवत आणि झुडपे आपोआप उगवतात, पाऊस बेभरवशाचा असतो आणि कळप पावसामागे सरकत राहतात, अशा विस्तीर्ण भूभागाला ‘कुरण’ म्हटले की तेथे नसलेले कुंपण वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

‘गायरान’ हा शब्द तर आणखी नेमका आहे. तो जमिनीचे रूप सांगत नाही, तिच्यावरचा हक्क सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन नेमून देता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती अन्य कामासाठी वापरता येत नाही. महसुली दप्तरात ‘गुरचरण’ असाही शब्द आढळतो. एखादे गायरान झाडीचे असू शकते, एखादे निव्वळ खडकाळही असू शकते. तेव्हा परदेशातील भूभागासाठी हा शब्द वापरू नये, आणि येथील जमिनीसाठीसुद्धा ती खरोखर गावाच्या नावे नेमून दिलेली असेल तरच वापरावा.

‘गवताळ प्रदेश’ हा भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला शब्द चुकीचा नाही, पण त्यात ना झुडपे येतात ना जनावरे.

उरतो तो ‘माळरान’. माळ म्हणजे उघडी, बहुधा उंचवट्याची, पातळ मातीची जमीन, आणि रान म्हणजे… येथे थोडे थांबावे लागते, कारण ‘रान’ हा मराठीतला मोठा उदार शब्द आहे. रानडुकरातले रान म्हणजे जंगल आणि ‘धनी रानात गेलेत’ यातले रान म्हणजे शेत. जनावर आणि माणूस या दोघांनाही पुरेल एवढी जागा त्या एका शब्दात आहे. माळरानावर मालकी गृहीत धरलेली नाही, कुंपण नाही, आणि माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल हे पक्षी आणि लांडगा, खोकड, काळवीट हे प्राणी यांची नावे त्याच्याशी सहज जोडली जातात. माळढोकाने तर ‘माळ’ आपल्या नावातच घेतला आहे. म्हणून माझी शिफारस अशी की भूभागाविषयी बोलताना ‘माळरान’ आणि त्याच्या वापरावर भर द्यायचा असेल तेव्हा ‘चराऊ माळरान’ लिहावे.

आता मुख्य मुद्दा, ‘चराई’चा. इंग्रजीतील ‘ग्रेझिंग’ हा एकच शब्द जनावराच्या खाण्यालाही लागू होतो आणि ते खाऊ घालणाऱ्या माणसाच्या कामालाही. मराठीत मात्र येथे दोन क्रियापदे आहेत. मेंढी चरते, धनगर मेंढ्या चारतो. ‘चराई’ हे नाम शिलाई, धुलाई यांच्या जातीचे आहे : त्यात काम येते आणि कामाबद्दलचा मोबदलाही येतो, म्हणूनच जनावरे चारण्याबद्दल द्याव्या लागणाऱ्या आकारालाही ‘चराई’ म्हणतात. चराईच्या मागे चारणारा माणूस उभा असतो. काळवीट माळावर चरतो, पण ‘काळविटाची चराई’ हे कानाला लगेच खटकते, कारण त्याला चारणारा कोणी नाही. प्रश्नकर्त्याच्या वाक्यात ‘वन्य प्राण्यांची अतिचराई’ आली आहे ती या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. तेथे ‘वन्य प्राण्यांचे चरणे’ असे साधे लिहावे.

हा भेद केवळ शुद्धलेखनाचा नाही. ‘अतिचराई’ म्हटले की दोष आपोआप चारणाऱ्याकडे जातो. कधी तो खरोखर त्याचाच असतो. मारवेलसारखे गोड गवत वर्षानुवर्षे बी धरण्यापूर्वीच खाल्ले गेले की ते मागे हटते आणि त्याच्या जागी कुसळी गवत पसरते. कुसळी कोवळी असताना जनावर ती खाते, पण एकदा कुसळे आली की तोंड लावत नाही. आपण ज्याला डोळ्यातल्या मुसळाशेजारी बसवले आहे ते हेच कुसळ : टोकाला सुईसारखे, मागे लांब शेपूट, ओल लागली की शेपटाचा पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा आवळतो आणि त्या फिरण्याने बी मातीत रुतत जाते. मेंढीच्या लोकरीत अडकले तर तेच कातडीत शिरते, आणि कळपाबरोबर पुढच्या माळावरही पोहोचते. परंतु माळ नांगरला गेला, त्यावर झाडे लावली गेली किंवा कळपांची जुनी वाट अडवली गेल्यामुळे तीच जनावरे उरलेल्या तुकड्यावर दाटली, तर त्याला नुसते ‘अतिचराई’ म्हणणे अपुरे ठरते. अशा वेळी ‘चराईचा ताण’ म्हणावे; ताण कोठून आला, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहतो.

झाडांचा विषय निघालाच आहे म्हणून एक अवांतर निरीक्षण. माळावरच्या प्राण्यांबद्दल बोलण्यासाठी आपल्याकडे जी पारिभाषिक भाषा आहे ती सारी जंगलाची आहे : वन्यजीव, वनहक्क, वनविभाग. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी राखीव क्षेत्र घोषित झाले, त्यालाही नाव मिळाले ‘अभयारण्य’, म्हणजे ज्या पक्ष्याला उघडा माळ लागतो त्याला आपण अरण्यात अभय दिले. जो शब्द माळाला अपुरे अरण्य समजतो, तो तेथे झाडे लावण्याचाही मोह पाडतो, आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला दाट लागवड मानवत नाही. महसुली वळणाचे ‘पडीक’ आणि ‘ओसाड’ हे शब्दही असेच. माळाचे वर्णन करताना ते टाळावेत.

‘चराईबंदी’ हा आदर्श गावांच्या चळवळीमुळे रुळलेला शब्द आहे. कुऱ्हाडबंदीच्या जोडीने तो आला आणि पाणलोटाच्या कामांत गवत परत आणण्यासाठी त्याचा उपयोगही झाला. पण तो सरसकट बंदीचा शब्द आहे, आणि सरसकट बंदीने वन्यजीवांचे भले होतेच असे नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली चराई बंद केली गेली, तेव्हा झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे बळी गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी ज्या पाणगवताला आवर घालत होत्या ते बंदीनंतर माजले आणि पाणपक्ष्यांची मोकळी जागा कमी झाली. ते क्षेत्र पाणथळ आहे, माळ नव्हे. पण शब्द निवडताना हे उदाहरण लक्षात ठेवावे. ठरावीक काळ जमीन मोकळी ठेवायची असेल तर मराठीत ‘रान राखणे’ हा सरळ वाक्प्रचार आहे, आणि तुकड्यातुकड्याने फिरत चारायचे असेल तर ‘आळीपाळीने चारणे’. त्यासाठी ‘चक्रीय चराई व्यवस्थापन’ घडवण्याची गरज मला वाटत नाही.

‘समतोल’बद्दल थोडक्यात. तो तराजूचा शब्द आहे. एका पारड्यात घातले की दुसरे वर जाणारच. लांडगा मेंढी नेतो तेथे हे चित्र बरोबर आहे. पण चरून आखूड झालेले गवत काही पक्ष्यांना सोयीचे असते, तेथे दोन्ही पारडी एकदमच भरतात. म्हणून ‘मेळ घालणे’ मला अधिक नेमके वाटते.

एवढ्यावरून प्रश्नकर्त्याचे वाक्य असे करता येईल : ‘चराईचा ताण वाढल्याने माळरानाचा ऱ्हास होत आहे, वन्य प्राण्यांचे चरणे आणि पाळीव जनावरांची चराई यांचा मेळ घालण्यासाठी काही रान काही काळ राखावे लागेल.’ मूळ मजकुरात खरोखरच कायमची बंदी अभिप्रेत असेल तर मात्र ‘चराईबंदी’ तसाच ठेवावा.